दोनशे चाळीस दिवसांचा हिशेब

रविवारी सकाळी आमच्या दारात दोन-चार जण तरी कागदांच्या पिशव्या घेऊन बसलेले असतात. कुणाचा फंडाचा अर्ज, कुणाच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, कुणाचे फुगलेले लाइटबिल. बी.कॉम. झालेल्या माणसाला सगळे कागद वाचता येतात, असा आपल्या लोकांचा समज आहे. तो काही खरा नाही. पण माणूस उंबऱ्याशी आला की नाही म्हणवत नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत अशाच एका रविवारी मागच्या चाळीतील वहिनी आपल्या मुलाला घेऊन आल्या. “जयभीम भाऊजी,” म्हणत त्यांनी पिशवी उघडली. मुलगा आयटीआय झालेला, एमआयडीसीतील एका कारखान्यात मशीनवर कामाला. १० जून २०२४ रोजी लागला, २५ जानेवारी २०२५ नंतर त्याला ‘ब्रेक’ दिला. पंधरा दिवस घरी बसवले आणि १० फेब्रुवारीला पुन्हा बोलावले. गेट तेच, मशीन तेच, सुपरवायझर तोच. फक्त हातात दिलेल्या नेमणुकीच्या पत्रावर दुसऱ्याच कंपनीचे नाव. तीही शेठचीच.

“शेठला काम पाहिजे, पोरगं पाहिजे, मशीन पण चालूच हाय. मग मधीच घरी का बसवत्यात?” वहिनींनी विचारले.

मी वहीच्या मागच्या पानावर महिने मांडून दिवस मोजले. जूनचे २१, जुलैचे ३१, असे करीत जानेवारीच्या २५ पर्यंत आलो. बेरीज झाली २३०. दहा दिवस राखून ब्रेक दिलेला होता.

वाचकहो, २४० हा आकडा कामगाराच्या घरात समजावून सांगावा लागत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की ती सलग नोकरी धरली जाई, आणि मग त्या माणसाला नोटीस व भरपाई दिल्याशिवाय काढता येत नसे. महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांत तर २४० दिवस अखंड सेवा झालेल्या बदली वा तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद होती. हा जुना कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता आली, तरी सलग नोकरीसाठी २४० दिवसांची मोजणी तिच्यातही आहेच. म्हणूनच २३० व्या दिवशी ब्रेक. आपल्यापैकी कितीतरी जणांची उमर असे ब्रेक घेण्यात गेली. आमच्या वडिलांची गेली.

पण हाच २४० चा आकडा सरकारच्या आणखी एका कायद्यात आहे, आणि तिथे त्याचा अर्थ अगदी उलटा आहे. तिथे मालकाने माणूस २४० दिवस ठेवला तर सरकार त्याला करात सूट देते. हे वहिनींना ठाऊक नव्हते, मुलाला ठाऊक नव्हते. शेठला बहुधा ठाऊक असावे, कारण अशा याद्या सीएला करून देणे हेच माझ्यासारख्या कारकुनाचे काम असते. गेली अनेक वर्षे मी नोकरीत दर उन्हाळ्यात अशी यादी करतो आहे. आज त्या यादीबद्दलच सांगणार आहे.

सरकारने मालकाला असे सांगितले आहे, की नवी माणसे कामावर घे. त्यांना दिलेल्या पगाराच्या तीस टक्के रक्कम तुझ्या उत्पन्नातून वजा करू, आणि तीही एक वर्ष नव्हे, तीन वर्षे. १९६१ च्या आयकर कायद्यात याला कलम ८० जेजेएए म्हणत. त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला, ज्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून. त्यात कलमाचा नंबर बदलला, सवलत तीच राहिली. हे कलम प्रथम आले १९९८ च्या अर्थसंकल्पात. तेव्हा ते फक्त कारखानदार कंपन्यांना होते आणि शंभराच्या वर कामगार असलेल्यांनाच त्याचा उपयोग होता. २०१६ मध्ये ते पुरते बदलले. आता कारखाना असो, गोदाम असो, मोठे दुकान असो, ज्याच्या हिशेबाची आयकर कायद्याने लेखापरीक्षा सक्तीची आहे त्या प्रत्येक धंद्याला ते लागू पडते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला नाही.

आता पैसा किती, ते पाहू. समजा एका कंपनीने एप्रिलमध्ये वीस नवी माणसे घेतली, प्रत्येकाला महिना १८,००० रुपये. वर्षाचा पगार झाला ४३,२०,०००. हा पगार धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतोच. तो सगळ्यांचाच होतो. त्याशिवाय या रकमेचे तीस टक्के, म्हणजे १२,९६,०००, उत्पन्नातून आणखी वजा. २२ टक्क्यांचा दर निवडलेल्या कंपनीला अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के कर पडतो. त्या दराने वाचलेला कर होतो ३,२६,१७७ रुपये. दरवर्षी इतका, तीन वर्षे. एका माणसामागे वर्षाला १६,३०० च्या वर, तीन वर्षांत ४८,९०० च्या वर. दुसऱ्या शब्दांत, पहिल्या वर्षी दिलेल्या शंभर रुपये पगारावर मालकाला एकूण एकशे नव्वद रुपयांची वजावट मिळते. २२ टक्क्यांचा दर निवडताना कंपनीला बहुतेक सवलती सोडून द्याव्या लागतात. ही मात्र सोडावी लागत नाही. यावरून सरकारला ती किती महत्त्वाची वाटते ते कळावे.

हा पैसा सरकारी तिजोरीत येणारा होता, तो मालकाच्या खिशात राहिला. कशाच्या बदल्यात? तर आपल्या मुलाला दिलेल्या नोकरीच्या बदल्यात. म्हणजे त्या यादीत ज्याचे नाव आहे, त्याला ती यादी कशी बनते हे विचारण्याचा अधिकार आहे असे मी मानतो.

यादीत रकाने असतात. नाव, कामावर लागल्याची तारीख, फंडाचा नंबर, दर महिन्याचे वेतन, बँकेत पगार जमा झाल्याची नोंद आणि वर्षातले दिवस. यातला एक रकाना जरी रिकामा राहिला तरी सीए त्या नावावर तांबडी रेघ मारतो. भविष्य निर्वाह निधीत नाव नसलेला कामगार या यादीत चालत नाही. रोख पगार घेणारा चालत नाही. पगार खात्यात गेला पाहिजे. महिन्याचे एकूण वेतन २५,००० च्या वर असलेला चालत नाही. वर्षात २४० दिवसांपेक्षा कमी नोकरी झालेला चालत नाही. फक्त तयार कपडे, पादत्राणे आणि चामड्याच्या धंद्यात ही अट १५० दिवसांची आहे. ज्याच्या पेन्शनची मालकाकडची सगळी वर्गणी सरकारच भरते तोही चालत नाही, कारण एका माणसावर दोनदा लाभ नको. शिवाय आधीच्या ३१ मार्चला जितकी माणसे होती त्यांच्यापेक्षा संख्या वाढली पाहिजे; दहा काढून दहा घेतली तर काही मिळत नाही. आणि वर्षअखेर सीएचा दाखला जोडून विवरणपत्र मुदतीत भरावे लागते. जुन्या कायद्यात त्या दाखल्याचा नमुना १० डीए असा होता. मुदत चुकली की सवलत गेली. आमच्याकडे सप्टेंबरात रात्री साडेनऊपर्यंत बसण्याचे कारण हेच.

२५,००० च्या रेघेबद्दल एक सांगतो. ती २०१६ साली आखली गेली आणि अजून तिथेच आहे. त्यावेळचा गॅसचा सिलिंडर आणि आजचा, त्यावेळची तूरडाळ आणि आजची, हे बायकांना विचारा. रेघ हलली नाही, म्हणून काही ठिकाणी नेमणुकीच्या वेळी पगार २४,९०० ठरवण्याची हुशारी चालते. पण दुसऱ्या वर्षी पगारवाढ दिल्याने पहिल्या वर्षाच्या हिशेबावरची सवलत जात नाही. तेव्हा “पगार वाढवला तर कंपनीची सूट जाते,” असे कुणी सांगितले तर ते मानू नका.

दिवसांच्या मोजणीतही एक खोच आहे. आयकराचे वर्ष एप्रिल ते मार्च. ४ ऑगस्टनंतर लागलेल्या माणसाचे ३१ मार्चपर्यंत २४० दिवस भरूच शकत नाहीत. पूर्वी असा माणूस कायमचा यादीबाहेर राही. २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. आता त्याने पुढच्या वर्षात २४० दिवस भरले तर त्याला त्या वर्षीचा नवा कामगार धरतात. म्हणजे दिवाळीच्या हंगामात लागलेल्या मुलालाही टिकवून ठेवण्यात मालकाचा फायदा आहे.

आता वहिनींच्या मुलाकडे वळू. त्याचा पगार होता महिना १६,०००. त्याला ब्रेक न देता ३१ मार्च २०२५ पर्यंत ठेवले असते तर त्याचे २९५ दिवस भरले असते आणि पगार झाला असता सुमारे १,५५,०००. बाकीच्या अटी पुऱ्या असतील तर त्याच्या एकट्याच्या नावावर शेठचा कर वर्षाला ११,७०० च्या आसपास वाचला असता, तीन वर्षांत ३५,०००. २३० व्या दिवशी घरी बसवल्याने पहिल्या कंपनीची ही सवलत बुडाली. दुसऱ्या कंपनीत तो १० फेब्रुवारीला लागला, म्हणजे त्या वर्षाचे फक्त ५० दिवस.

हे ऐकून मुलगा हसला. म्हणाला, “काका, म्हणजे शेठचं पण नुकसान झालं?”

झाले. पण शेठ अडाणी नाही. त्याने दोन्ही आकडे समोर ठेवले असणार. एका बाजूला पस्तीस हजार रुपये, दुसऱ्या बाजूला कायम झालेला कामगार, जो उद्या पगारवाढ मागेल, युनियनचा फॉर्म भरेल, काढायला गेले तर भरपाई मागेल. शेठला पस्तीस हजार कमी वाटले. सरकारने तीस टक्क्यांचा गूळ लावला आहे, पण कायम माणसाची धास्ती त्याहून मोठी आहे. हे कलम लिहिणाऱ्यांनी कारखान्याच्या गेटवर उभे राहून ब्रेकची पत्रे वाटताना पाहिली असती तर त्यांनी तीन वर्षांची सवलत त्याच माणसाच्या तीन वर्षांच्या नोकरीला बांधली असती. कलमाचे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तोच माणूस कामावर असला पाहिजे असे त्यात म्हटलेले नाही. पहिल्या वर्षाचा पगार मोजायचा आणि तीन वर्षे वजावट घ्यायची.

हे बांधता येत नाही असे मात्र नाही. अमेरिकेत नोकऱ्यांसाठी मालकाला करात सूट देण्याचा प्रघात राज्यांमध्ये मोठा आहे. तिथे राज्येही आपला कंपनी-कर लावतात आणि त्यात सूट देतात. जॉर्जिया नावाच्या राज्याचे उदाहरण घ्या. ते आपल्या जिल्ह्यांची बेकारी, दारिद्र्य आणि दरडोई उत्पन्न पाहून चार थर लावते. सर्वांत मागासलेल्या थरातल्या जिल्ह्यात दोन नव्या नोकऱ्या दिल्या तरी पुरे. सर्वांत सधन थरात पंचवीस द्याव्या लागतात. मागासलेल्या थरात दर नोकरीमागे वर्षाला ३,५०० डॉलर, सधन थरात ७५० डॉलर, पाच वर्षे. आणि ही आपल्यासारखी वजावट नव्हे, ते करातले थेट जमाखाते आहे. फरक समजून घ्या. शंभर रुपयांची वजावट मिळाली तर कर वाचतो पंचवीस रुपये. शंभर रुपये करात जमा धरले तर वाचतात शंभरच्या शंभर. पण तिथे दरवर्षी नोकरी शिल्लक आहे का ते पाहिले जाते. नोकरी गेली की त्या नोकरीवरची सूट गेली. पगार अमुक पातळीच्या खाली चालत नाही आणि आरोग्य विमा उपलब्ध करून द्यावा लागतो. अर्थात त्याचा हप्ता मालकानेच भरावा अशी सक्ती नाही.

त्या राज्याचे फार कौतुक करण्याचेही कारण नाही. सर्वांत मागासलेल्या थरात कंपनीचा स्वतःचा कर फिटून सूट उरली, तर ती कामगारांच्या पगारातून कापलेल्या राज्याच्या करातून वळती करून घेता येते. कामगाराला वाटते आपल्या पगारातला कर शाळा-रस्त्यांना गेला. तो गेलेला असतो मालकाच्या घरी.

आपल्या महाराष्ट्रातही असे थर आहेत. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात दाटलेले उद्योग बाहेर न्यावेत म्हणून राज्याने १९६४ साली सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. तिच्या पुढच्या आवृत्त्या येत गेल्या, तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड अधिक असे गट पडले, गडचिरोलीसारखा जिल्हा विनाउद्योग म्हणून वेगळा धरला गेला. पूर्वी विक्रीकर माफ करीत वा पुढे ढकलीत. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर रीत बदलली. २०१९ च्या योजनेत उद्योगाने आधी पात्रता प्रमाणपत्र मिळवायचे, राज्याच्या वाट्याचा जीएसटी भरायचा आणि ठरलेला हिस्सा अनुदान म्हणून परत मागायचा, अशी व्यवस्था होती. वीजशुल्क आणि मुद्रांक शुल्काची माफी वेगळी. याच्या बदल्यात ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना देण्याचे धोरण आहे. आपल्या तालुक्यात असा कारखाना असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात माहितीच्या अधिकाराखाली विचारता येते, की अनुदान किती गेले आणि स्थानिक कामगार किती दाखवले. दाखवलेल्या आकड्याशी गेटवरची माणसे ताडून पाहणे हे तरुण मंडळांचे काम आहे. अर्जाला दहा रुपये लागतात.

आता एक माझ्या नोकरीतली गोष्ट. आमच्या कचेरीत झाडलोट करणाऱ्या आणि चहा देणाऱ्या चार मावश्या होत्या. ठेकेदाराच्या. त्यांचा फंड नाही, पगाराची चिठ्ठी नाही. ठेकेदाराचा माणूस महिन्याच्या दहा तारखेला येऊन १३,००० रुपये प्रत्येकीच्या हातावर ठेवायचा आणि वहीत अंगठा-सही घ्यायचा. त्यातल्या दोघी आपल्याच वस्तीतल्या. मी त्यांच्या हातचा चहा कित्येक वर्षे प्यालो आणि कलमाची यादी करीत बसलो. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर चालू होत्या. मला त्यांची जोड लावायला इतकी वर्षे का लागली याची लाज वाटते.

ठेकेदाराचा करार संपत आला तेव्हा मी साहेबांपुढे एक कागद ठेवला. या चौघींना आपणच का घेऊ नये? साहेब म्हणाले, फंड आणि ईएसआय कोण भरणार? मी म्हटले, हिशेब केला आहे. एकीमागे फंड आणि त्यावरचे आकार १३ टक्के, म्हणजे १,६९०, ईएसआय ३.२५ टक्के, म्हणजे ४२२ रुपये ५० पैसे. महिन्याला एकूण २,११२ रुपये ५० पैसे, वर्षाला २५,३५०. पण हा खर्च आहे, त्यावर कर वाचतो. तो जाऊन उरतात १८,९७०. शिवाय ठेकेदाराच्या चौघी आपल्या पटावर प्रथमच येतात, संख्या वाढते, तेव्हा तीस टक्क्यांची सवलत लागू. १,५६,००० चे तीस टक्के ४६,८००, त्यावर वाचणारा कर ११,७७८. राहिले वर्षाला ७,१९२, महिन्याला सहाशेच्या आत. आणि ठेकेदाराचे कमिशन आपण देतो ते त्याहून जास्त आहे. सीएंनी कागद तपासला, एक आकडा दुरुस्त केला आणि मान हलवली. शिवाय ते एक वाक्य बोलले जे मला सांगायचे धाडस झाले नव्हते: ठेकेदाराने फंड बुडवला तर जबाबदारी मूळ मालकावर येते.

चारांपैकी तिघी पटावर आल्या. चौथ्या मावशींच्या आधारकार्डावर माहेरचे नाव, बँकेत सासरचे आणि जन्मसाल दोन ठिकाणी दोन तऱ्हेचे. फंडाचा नंबरच निघेना. दुरुस्तीला पाच महिने गेले. त्यांची मुलगी तीन वेळा रजा टाकून आधार केंद्रावर बसली. त्या लागल्या तेव्हा ४ ऑगस्ट उलटून गेला होता. त्यांचे नाव पुढच्या वर्षीच्या यादीत गेले. फंडाच्या पासबुकात पहिली रक्कम दिसली तेव्हा मावशींनी मोबाइल माझ्यापुढे धरून विचारले, “हे माजंच का?”

भगिनींनो, विशेष करून तुम्हाला सांगतो, कारण घरातले कागद तुम्हीच जपता. मुलाचे, मुलीचे नाव आधार, बँक आणि शाळेच्या दाखल्यावर अक्षर न् अक्षर सारखे आहे का ते नोकरी लागण्याआधी पाहा. नेमणुकीचे पत्र, हजेरीकार्डाची झेरॉक्स, बँकेचे पान हे सर्व एका पिशवीत ठेवा. फंडाचे पासबुक उमंग ॲपवर दर महिन्याला उघडून बघा. माणसाचा यूएएन नंबर आयुष्यभर एकच राहतो. कंपनी बदलली की त्याखाली सदस्य क्रमांक तेवढा नवा पडतो. वहिनींच्या मुलाच्या पासबुकात एकाच गेटचे दोन सदस्य क्रमांक दिसत होते. शेठने पत्रे दोन दिली, पण पासबुकाने दोन्ही एका पानावर आणली.

आणि एक नवी गोष्ट, जी करातली नाही पण याच घरातली आहे. केंद्राने १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात लागणाऱ्या नोकऱ्यांसाठी प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना आणली. तिच्यात मालकाला दर वाढीव कामगारामागे पगाराच्या मानाने महिना ३,००० रुपयांपर्यंत दोन वर्षे मिळतात, कारखान्यांना चार वर्षे. त्यासाठी पन्नासाच्या आतील आस्थापनेने किमान दोन आणि त्यावरच्या आस्थापनेने किमान पाच माणसे वाढवून सहा महिने टिकवली पाहिजेत. पण या योजनेत कामगाराचाही वाटा आहे. जो आयुष्यात प्रथमच फंडात दाखल होतो आणि ज्याचा पगार लाखाच्या आत आहे, त्याला एका महिन्याच्या फंड-पगाराइतकी रक्कम, जास्तीत जास्त १५,०००, दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिने नोकरी झाल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी, तोही आर्थिक साक्षरतेचा छोटा अभ्यासक्रम पुरा केल्यावर. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात थेट येतात, मालकाच्या हातून नाही. इथे दर सहा महिन्यांना माणूस जागेवर आहे की नाही ते फंडाच्या नोंदीवरून पाहिले जाते. तीस टक्क्यांच्या कलमात जी त्रुटी आहे, ती या योजनेत थोडी बुजवली आहे असे म्हणता येईल. वहिनींच्या मुलाला हे मिळणार नाही, कारण तो २०२४ मध्येच फंडात आला. त्याची धाकटी बहीण सप्टेंबर २०२५ मध्ये एका पॅकिंगच्या युनिटमध्ये लागली. तिला मिळू शकते. तिचा यूएएन उमंगवर चेहरा दाखवून काढून घेतला. तिच्या युनिटमध्ये आणखी अकरा मुली आहेत, त्यांतल्या कुणालाच हे माहीत नव्हते.

मुलाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. माझा हिशेबाचा कागद घेऊन वहिनी स्वतः कारखान्याच्या पर्सोनेल ऑफिसरकडे गेल्या. त्यांनी तो दोनदा वाचला आणि “मोठ्या साहेबांना दाखवतो,” म्हणून ठेवून घेतला. मुलगा रोज कॅलेंडरवर पेन्सिलीने खूण करीत होता. १० फेब्रुवारीपासून मोजत गेले तर २३० वा दिवस येत होता २७ सप्टेंबर २०२५, शनिवार. शनिवारी दुपारी शिफ्ट सुटताना त्याला पत्र मिळाले.

सोमवारी तो कामाऐवजी माझ्याकडे आला. पिशवीत दोन नेमणुकीची पत्रे, दोन ब्रेकची पत्रे, हजेरीकार्डाच्या झेरॉक्स, बँकेची पाने आणि पासबुकाची छापील प्रत होती, त्यात दोन सदस्य क्रमांक आणि मालकाच्या दोन कंपन्यांची नावे एकाखाली एक. दोन वेळचे २३० मिळून ४६० दिवस. आम्ही तारखांचा तक्ता केला, अर्ज लिहिला आणि कामगार आयुक्त कार्यालयात पोच घेऊन दाखल केला. पहिली तारीख पडली त्या दिवशी कंपनीचा माणूस आला नाही. दुसऱ्या तारखेला आला, आणि त्याच्या हातात माझाच हिशेबाचा कागद होता.